घरच्या फायबरला कोणता डीएनएस लावावा? (नाशिक)

इंदिरानगरकर
मंडळी, नमस्कार. लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, शंभर एमबीपीएसचा प्लॅन. स्पीड टेस्ट चोख येते. पण संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास कुठलीही वेबसाइट उघडायला गेलं की पान पांढरंफटक राहतं आणि मग एकदम भसकन उघडतं. गंमत म्हणजे त्याच वेळी व्हॉट्सअॅप सुरू असतं, आधीपासून लावलेला व्हिडिओही अडत नाही. ऑपरेटरकडच्या पोराला फोन केला तर "राउटर बंद करून चालू करा काका" याच्यापुढे गाडी सरकत नाही.

ऑफिसातला एक जण म्हणाला, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदला, ८.८.८.८ टाका. दुसरा म्हणाला, तो गूगलचा, त्यांना सगळं कळतं, क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ टाका. घरून फर्मान आहे की पोरगा सहावीत गेलाय, नको त्या साइट बंद होतील असं काहीतरी बघा. तर वेगवान कोणता, खासगी कोणता, आणि एकच सगळ्या घराला लावता येतो का?

सातपूर_एमआयडीसी
८.८.८.८. डोळे झाकून. विषय संपला.

झणझणीत
विषय संपला असं कुणी म्हटलं की आपल्याकडे धागा शंभरी गाठतो. चिवडा घेऊन बसलोय.

गंगापूररोड
इंदिरानगरकर, लक्षण डीएनएसचंच दिसतंय. व्हॉट्सअॅपची जोडणी आधीच झालेली असते, चालू व्हिडिओला नवीन नाव विचारावं लागत नाही. अडतं ते फक्त नावावरून पत्ता शोधताना. तरी खात्री करून घ्या. पान अडकलं की विंडोजची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून एनएसलुकअप आणि पुढे कुठल्याही साइटचं नाव द्या. मग तीच ओळ पुन्हा, पण शेवटी एक जागा सोडून ८.८.८.८ लिहून. पहिली ताटकळली आणि दुसरी झटकन उत्तर घेऊन आली तर तुमच्या ऑपरेटरचा डीएनएस संध्याकाळच्या गर्दीत दम टाकतोय. दोन्ही ताटकळल्या तर लाइनच खराब, तिथे डीएनएस बदलून काही उपयोग नाही. (आकडे इथे देवनागरीत लिहितोय, सेटिंगमध्ये इंग्रजीच टाका.)

आता वेग. "सगळ्यात फास्ट डीएनएस" असे जे व्हिडिओ फिरतात ते नाशिककराने मनावर घेऊ नयेत. गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांचेही सर्व्हर मुंबईत आहेत. नाशिक ते मुंबई रस्त्याने १७० किलोमीटरच्या आसपास, आणि काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदही नाहीत. प्रत्यक्षात तार वळसे घेते, मधली यंत्रं आपापला वेळ खातात, तरी दहाच्या आतबाहेर उत्तर हातात पडतं. एकाचे आठ आणि दुसऱ्याचे अकरा, हा फरक माणसाला कळत नाही. शिवाय एकदा विचारलेलं नाव फोन, ब्राउझर, राउटर काही काळ लक्षात ठेवतात, ते पुन्हा विचारायला जातच नाहीत.

फरक कळतो तो दोनच ठिकाणी. एक, तुमच्यासारखा डीएनएसच गुदमरत असेल तर. दोन, उत्तर मुंबईहून न येता सिंगापूरहून येत असेल तर. हे दुसरं तपासण्यासारखं आहे. हे सगळे आकडे एनीकास्ट असतात, म्हणजे १.१.१.१ हा एकच पत्ता जगभरातल्या शेकडो शहरांतून जाहीर केलेला असतो आणि तुमची विनंती कुठल्या शहरात पोचेल ते तुमच्या ऑपरेटरच्या वरच्या जोडणीवर ठरतं. एक-एक-एक-एक मधल्या टिंबांसकट हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पुढे तिरकी रेघ आणि हेल्प लिहा. क्लाउडफ्लेअरचं पान उघडतं, त्यात कुठल्या केंद्राशी जोडलाय ते तीन अक्षरांत येतं. बीओएम दिसलं तर मुंबई. विमानतळांचेच कोड वापरतात ते. एसआयएन दिसलं तर तुमचा प्रत्येक प्रश्न सिंगापूरची वारी करून येतोय.

बीओएम_नाही_राव
पाथर्डी फाट्यावर माझ्याकडे खरंच एसआयएन येतंय भो! आणि ८.८.८.८ ला पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) मात्र मस्त. मग?

गंगापूररोड
मग तुम्ही ८.८.८.८ ठेवा. यात कंपनीची काही चूक नाही, तुमच्या ऑपरेटरने ज्यांच्याकडून वरून लाइन घेतलीय त्यांचा रस्ता तसा आहे. म्हणून तर दुसऱ्याच्या घरचा निकाल आपल्याकडे चालत नाही. सिडकोत एक ऑपरेटर, गल्ली ओलांडली की दुसरा. डिग नावाचं साधन असेल तर ते प्रत्येक उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते सांगतं. विंडोजवर स्टीव्ह गिब्सन यांचं डीएनएस बेंचमार्क आहे, तेही चांगलं. फक्त संध्याकाळी आठनंतर चालवा. दुपारी सगळेच शहाणे असतात.

हेडशॉट_नाशिकरोड
व्हॅलोरंटचा पिंग कमी होईल का डीएनएस बदलून?

गंगापूररोड
नाही. गेम एकदा जोडला गेला की डीएनएसचा संबंध संपला.

हेडशॉट_नाशिकरोड
यूट्यूबवर तर सगळे सांगतात होतो म्हणून.

झणझणीत
त्यांचे व्ह्यूज वाढतात, तुझा पिंग नाही.

मखमलाबादी
खासगीपणाचं मला कधी कळत नाही. आपण साधी माणसं, लपवायचंय काय? केबलवाल्याला कळलं मी सकाळी कांद्याचे भाव बघतो, कळू दे की.

रंजना_पंचवटी
दादा, कांद्याच्या भावाचं सोडा. एखाद्या घरात पंधरा दिवसांत कुठली नावं विचारली गेली याची नुसती यादी डोळ्यांपुढे आणा. वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्याची साइट, नोकरी शोधायची साइट, सोनं तारण कर्जाची साइट, वधू-वर मंडळाची साइट. पानावर काय वाचलं ते दिसत नाही, पण नावांची यादी आणि वेळ एवढंच पुरतं. आणि लोकल ऑपरेटर म्हणजे आपल्याच कॉलनीतला माणूस, आपल्याला नावाने ओळखणारा. तो बघतो असं मी म्हणत नाही. पण साधा डीएनएस उघड्यावर जातो. त्याचे मूळ नियम १९८७ चे, पोर्ट ५३ (म्हणजे ये-जा करायचं ठरलेलं दार), कुठलंही कुलूप नाही. वाटेतला कुणीही वाचू शकतो, आणि मनात आणलं तर उत्तरही बदलू शकतो.

सातपूर_एमआयडीसी
म्हणजे केबलवाल्याला कळू नये म्हणून अमेरिकेतल्या कंपनीला कळवायचं. वा!

रंजना_पंचवटी
टोमणा बरोबर जागी बसलाय. डीएनएस बदलणं म्हणजे विश्वास एकाकडून काढून दुसऱ्यावर ठेवणं, तो नाहीसा होत नाही. म्हणून दुसरा कोण आणि तो लेखी काय देतो हे बघायचं.

गूगलचा सार्वजनिक डीएनएस २००९ पासून आहे. तुमच्या आयपीसकट (म्हणजे तुमच्या जोडणीच्या आकडी पत्त्यासकट) नोंद ते २४ ते ४८ तास ठेवतात, मग पुसतात. कायमच्या नोंदीत शहरापर्यंतची जागा राहते, आयपी नाही. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आला १ एप्रिल २०१८ ला. ते म्हणतात की नोंदी २५ तासांत जातात, आणि त्यांनी बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणीही करून घेतलीय. क्वाड९, म्हणजे ९.९.९.९, ही नफा न कमावणारी संस्था आहे. सेवा २०१७ ची, २०२१ मध्ये त्यांनी बस्तान स्वित्झर्लंडला हलवलं. आयपीची नोंद ठेवतच नाही असं त्यांचं म्हणणं आहे, शिवाय फसव्या आणि व्हायरसवाल्या साइटची नावं ते मुळात उघडूच देत नाहीत.

माझं मत विचाराल तर, ज्या कंपनीकडे माझी मेल, नकाशा, फोटो, फोन सगळं आधीच आहे तिच्याच हातात ही यादीही कशाला द्या? गूगल काही वाईट करेल म्हणून नाही. सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत. मी क्वाड९ वापरते. तुमच्याकडे तो लांबून येत असेल तर क्लाउडफ्लेअर.

सातपूर_एमआयडीसी
ठीक. पण नुसता आकडा बदलला तर केबलवाल्याला दिसायचं ते दिसतंच ना? पोर्ट ५३ उघडाच.

रंजना_पंचवटी
अगदी. हेच बहुतेकांना माहीत नसतं. राउटरमध्ये ९.९.९.९ लिहिलं तरी प्रश्न उघड्या पोस्टकार्डावरच जातो, फक्त पत्ता वेगळा. कुलूप लावायचं तर डीओटी किंवा डीओएच हवं. पहिल्याचा नियम २०१६ चा, पोर्ट ८५३. दुसऱ्याचा २०१८ चा, तो ४४३ वरून जातो, म्हणजे साध्या वेब रहदारीत मिसळून जातो.

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच सोय आहे. सेटिंग, नेटवर्क, मग प्रायव्हेट डीएनएस. तिथे आकडा चालत नाही, नाव लागतं: डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट, किंवा डीएनएस डॉट गूगल, किंवा चार वेळा वन आणि मधे डॉट. हे वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हीला लागू होतं. क्रोमच्या सुरक्षा विभागात सिक्युअर डीएनएस आहे, फायरफॉक्समध्येही आहे. विंडोज ११ मध्ये वायफायच्या डीएनएस सेटिंगमध्ये आकडा लिहिताना एनक्रिप्शन चालू करता येतं.

एक त्रास सांगून ठेवते. प्रायव्हेट डीएनएसमध्ये नाव लिहून ठेवलं की रेल्वे स्टेशन किंवा हॉस्पिटलच्या वायफायचं लॉगिन पान कधीकधी उघडतच नाही. तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिकवर आणायचं, काम झालं की परत.

मखमलाबादी
ताई, एवढं केल्यावर तरी केबलवाल्याला काहीच दिसणार नाही ना?

रंजना_पंचवटी
दिसेल. कुठल्या आयपीला जोडलात ते दिसतं, आणि जोडणी सुरू होताना ब्राउझर साइटचं नाव अजून बहुतेक ठिकाणी उघडच पाठवतो, त्याला एसएनआय म्हणतात. ते झाकायची ईसीएच नावाची सोय आलीय, पण सगळीकडे पोचलेली नाही. डीएनएस झाकून यादी गोळा करायचा सगळ्यात सोपा मार्ग बंद होतो, एवढंच. एखाद्याला डीएनएस बदलून बंदी घातलेल्या साइट उघडायच्या असतील तर तेही याच कारणाने दरवेळी जमत नाही. बंदी नुसती डीएनएसवर नसते.

लेकुरवाळी
धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न कुणी घेतलाच नाही. मुलांसाठी क्लाउडफ्लेअरचाच १.१.१.३ आहे, तो प्रौढ साइट आणि व्हायरसवाल्या साइट दोन्ही अडवतो. नुसते व्हायरसवाले अडवायचे तर १.१.१.२. पण राउटरमध्ये डीएनएसचे दोन रकाने असतात, त्यातल्या दुसऱ्यात त्याचाच जोडीदार १.०.०.३ टाका हं! बरेच जण पहिल्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात ८.८.८.८ लिहितात, "असू दे जोडीला" म्हणून. दुसरा रकाना फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल याची खात्री नसते. काही राउटर दोघांनाही आलटून पालटून विचारतात, काही जो लवकर उत्तर देतो त्याला धरतात. मग एक दार बंद आणि दुसरं सताड उघडं.

आणि यूट्यूबच्या आत पोरगं काय बघतंय ते डीएनएसला कळत नाही. तिथे तुम्हालाच शेजारी बसावं लागतं.

गंगापूररोड
लेकुरवाळी, +१. मात्र घरात फिल्टरची गरज नसेल तर नेमकं उलट करा: दोन रकान्यांत दोन वेगळ्या कंपन्या. १४ जुलै २०२५ ला (आपल्याकडे १५ च्या पहाटे सव्वातीन-साडेतीन) १.१.१.१ जगभर बंद पडला होता, तासभर. कुणाचा हल्ला वगैरे नव्हता, त्यांच्याच आतल्या सेटिंगमधली गडबड. १.१.१.१ च्या जोडीला १.०.०.१ ठेवणाऱ्यांचे दोन्ही गेले, कारण दोन्ही एकाच घरचे. जोडीला ९.९.९.९ किंवा ८.८.८.८ असणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. तसे पहाटे साडेतीनला आपल्यातले बहुतेक घोरतच होते म्हणा.

ओझरचा_राजा
राउटरमध्ये बदलायला गेलो तर पासवर्ड लागतो आणि ऑपरेटर देत नाही. म्हणतो, "सर, ते कंपनीचं आहे."

गंगापूररोड
ही नेहमीची रड आहे. आधी डब्याच्या पाठीवरचा स्टिकर बघा, कधी तिथेच असतो. नसेल तर दोन रस्ते. प्रत्येक फोन-लॅपटॉपवर वेगळं लावायचं. नाहीतर स्वतःचा राउटर घेऊन तो ऑपरेटरच्या डब्याला केबलने जोडायचा आणि घरचं वायफाय त्यावरून घ्यायचं. मी दुसरं केलंय. ऑपरेटरच्या डब्यात बदललेलं तसंही टिकेल याचा भरवसा नाही, ते लोक वरून दुरूनच सेटिंग पाठवतात.

स्वतःच्या राउटरमध्ये दोन जागा बघायच्या. एक इंटरनेट किंवा वॅन विभागात, दुसरी डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना सेटिंग वाटणारा विभाग). डीएचसीपीत लिहिलेला आकडा फोनला थेट मिळतो. आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथला डीएनएसही बदला. तो तसाच राहिला तर फोन खुशाल ऑपरेटरच्याच सर्व्हरला विचारत बसतो, आणि माणूस म्हणतो "मी तर बदलला, फरक काहीच नाही".

पाय_घरी
मी रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा संगणक) पाय-होल लावलंय, म्हणजे जाहिराती गाळणारा घरचाच डीएनएस. घरभरच्या जाहिराती गायब, शिवाय कुठलं यंत्र कुणाला काय विचारतं ते दिसतं. आमचा टीव्ही कुणी बघत नसतानाही रात्रभर कुणाला तरी विचारत असतो! काही टीव्ही आणि स्ट्रीमिंगच्या कांड्या राउटरचं ऐकतही नाहीत, ८.८.८.८ त्यांच्यात आतून भरलेला असतो.

लेकुरवाळी
आणि दुरुस्तीसाठी लाइट गेली की?

पाय_घरी
राउटर आणि पाय एकाच छोट्या यूपीएसवर आहेत. पण खरं सांगायचं तर, ज्याला शनिवारची दुपार यात घालवायला आवडते त्यानेच या वाटेला जावं. मी बाहेरगावी असताना पाय बसला तर घरून येणारे फोन मलाच घ्यावे लागतात. तेच काम नेक्स्टडीएनएस घरात काही न ठेवता करतं, महिन्याला तीन लाख प्रश्नांपर्यंत फुकट. पुढे गेलात तर नेट बंद पडत नाही, फक्त गाळणी बंद होते. नोंदी ठेवायच्या की नाही तेही आपण ठरवायचं.

जाहिराती अडवणाऱ्या कुठल्याही डीएनएसवर एसएमएसमधल्या काही लिंक उघडत नाहीत, कारण त्या मधे मोजणीवाल्या साइटवरून जातात. कुरियरची लिंक उघडेना की आधी इकडे बघा.

सातपूर_एमआयडीसी
मी ८.८.८.८ टाकलाय तरी लीक टेस्टच्या (प्रश्न कुठल्या डीएनएसकडे जातात ते दाखवणाऱ्या) साइटवर माझ्या ऑपरेटरचंच नाव दिसतंय. राउटर, आयपीव्ही६, सगळं तपासलं. हे काय गौडबंगाल?

गंगापूररोड
ऑपरेटर पोर्ट ५३ ची रहदारी मधेच अडवून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवत असणार. खुंटा हलवून बघायची एक युक्ती आहे. एनएसलुकअपमध्ये शेवटी असा एखादा आयपी द्या जिथे डीएनएस सर्व्हर नाहीच. उत्तर यायलाच नको. तरी आलं, तर मधे कुणीतरी बसलंय आणि सगळ्यांच्या नावाने तोच उत्तरं देतोय. अशा लाइनवर आकडे बदलणं व्यर्थ. रंजनाताईंनी सांगितलेलं डीओएच लावा, ते त्याला वळवता येत नाही.

सातपूर_एमआयडीसी
केलं. उत्तर आलं. नसलेल्या सर्व्हरकडून! क्रोममध्ये सिक्युअर डीएनएस लावून टाकलाय, फोनलाही. ऑपरेटरला उद्या फोन.

झणझणीत
"राउटर बंद करून चालू करा काका."

इंदिरानगरकर
मंडळी, काल संध्याकाळी साडेआठला पान अडकलं तसं एनएसलुकअप केलं. ऑपरेटरचा नुसता बसून राहिला, ८.८.८.८ लगेच. क्लाउडफ्लेअरच्या पानावर बीओएम आहे. म्हणून जुना पडून असलेला राउटर मधे लावला, त्यात डीएचसीपीला १.१.१.३ आणि १.०.०.३, आयपीव्ही६ ला त्यांचेच. माझ्या आणि घरच्यांच्या फोनला प्रायव्हेट डीएनएसमध्ये क्वाड९. कालपासून पांढरं पान नाही. पोरगा म्हणतोय त्याच्या एका गेमची साइट उघडत नाही. खरंच गेमची आहे का ते बघतोय.

लेकुरवाळी
मुलाच्या फोनलाही प्रायव्हेट डीएनएस लागेल बरं का, नाहीतर मोबाइल डेटा चालू केला की राउटरचा फिल्टर गेला. त्याला क्वाड९ नको, फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हे नाव लिहा.

ओझरचा_राजा
आयफोनला प्रायव्हेट डीएनएसचा रकानाच सापडत नाहीये. कुठे असतो?

पाय_घरी
तसा रकाना नाही त्यात. आयओएस १४ पासून सोय आहे, पण प्रोफाइल (तयार सेटिंगची फाइल) टाकावी लागते. क्वाड९ त्यांच्या साइटवर आयफोनची प्रोफाइल देतं, ती सफारीतून उतरवा, मग सेटिंगमध्ये वरतीच "प्रोफाइल डाउनलोडेड" दिसेल, तिथून इन्स्टॉल. कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रोफाइल मात्र टाकू नका, कंपनीच्या साइटवरूनच घ्या.